बिननोंदणीचें गहाणखत

महाशिवरात्रीस नागऱ्याच्या प्राचीन शिवमंदिरास येणारे यात्रेकरू दर्शन घेतात, जत्रेंत मुलांना हिंडवितात आणि दिवस मावळण्यापूर्वीं गोंदियाची वाट धरतात. त्यांचें या गांवाशीं नातें एवढेंच. माझें नातें अधिक जुनें आणि अधिक गुंतागुंतीचें आहे. या भागांत मीं मुलांना मराठी व संस्कृत शिकविलें, आणि नोकरींतून मोकळा झाल्यावर तींच मुलें, आतां बाप्ये झालेलीं, पेटींतले जुने कागद वाचून घेण्यासाठीं माझ्या ओसरीवर येऊं लागलीं. कोणाच्या हातीं आजोबांचें खरेदीखत असतें, कोणाच्या हातीं वाटणीपत्र, कोणाच्या हातीं नुसती पावती. परंतु ज्या कागदानें माझी स्वतःची झोंप उडविली, तो मीं वाचलेला नव्हता. तो मीं लिहिलेला होता. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. कारण त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा एखादा कागद वाचकांपैकीं कित्येकांच्या घरींहि निघेल.

गोष्ट १९९४ सालची. गोंदिया जिल्हा १९९९ च्या १ मे रोजीं झाला. त्यापूर्वीं नागरा भंडारा जिल्ह्यांत होतें. गांवांतील दोन गृहस्थ, दोघेहि माझ्या ओळखीचे आणि एकमेकांचे जिवलग, एके सायंकाळीं माझ्याकडे आले. एकाची पत्नी आजारी. औषधपाण्यास बारा हजार रुपये हवे होते. दुसऱ्यानें ते द्यावयाचे आणि त्याच्या बदल्यांत पहिल्याच्या धानाच्या दोन बांध्या कसावयास घ्यावयाच्या. पीक तेंच व्याज. मुद्दल परत केलें कीं बांध्या परत, असें ठरलें होतें. "गुरुजी, तुमचें अक्षर मोत्यासारखें. तुम्हीच लिहा," ते म्हणाले. मीं आनंदानें लिहिलें. आरंभीं श्रीगणेशाचें स्मरण, मग चतुःसीमा, मग अटी, मग सह्या. एक साक्षीदार समोर बसलेला, दुसऱ्याची सही दुसरे दिवशीं त्याच्या खळ्यावर जाऊन घेतली. मुद्रांकाच्या दोन कागदांवर दोन प्रती केल्या व दोघांना एकएक दिली. गोंदियास जाऊन दस्त नोंदवावा असें मीं सुचविलें नाहीं असें नाहीं, पण ऋणको म्हणाला, "आमच्यांत रजिस्ट्री कशाला?" आणि मला तें बोलणें त्या वेळीं मोठें सुंदर वाटलें.

पुढें दोघेहि वारले. उरलीं त्यांचीं मुलें आणि माझें मोत्यासारखें अक्षर. ऋणकोचा मुलगा बारा हजार रुपये घेऊन बांध्या सोडवावयास गेला, तेव्हां धनकोचा मुलगा म्हणाला, "आमच्या बाबांनीं ही जमीन विकत घेतली. पंधरा वर्षें आम्ही कसतों आहोंत. गहाणाचा कागद मला ठाऊक नाहीं." तो लबाड होता असें मी म्हणत नाहीं. बाप कसत होता, आपण कसतों, एवढेंच त्यानें लहानपणापासून पाहिलें होतें. २००९ सालीं दावा झाला, आणि माझ्या नांवें साक्षीचें समन्स आलें.

समन्स हातीं घेऊनहि मी निर्धास्त होतों, त्याचें कारण माझें संस्कृत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत प्रमाणें तीन सांगितलीं आहेत : लिखित, साक्षी आणि भुक्ति. भुक्ति म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आजच्या भाषेंत कब्जा. गहाणास स्मृतिकार 'आधि' म्हणतात. त्याचे दोन भेद प्रसिद्ध आहेत : जो केवळ राखून ठेवावयाचा तो गोप्य आधि, आणि ज्याचें फळ धनकोनें भोगावयाचें तो भोग्य आधि. आधि सिद्ध होतो तो स्वीकारानें, म्हणजे वस्तु प्रत्यक्ष ताब्यांत घेतल्यानें, असा त्या शास्त्राचा सिद्धांत आहे. मीं मनांत हिशेब केला : लेख आहे, साक्षीदार आहेत, कब्जा तर पंधरा वर्षांचा आहे. तिन्ही प्रमाणें उभीं असतां गहाण सिद्ध व्हावयास अडचण कोणती?

अडचण होती ती १८८२ सालची. त्या सालीं झालेला मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा प्रथम मुंबई इलाख्यास लागू नव्हता, तेथें तो १८९३ पासून आला. आमच्या मध्यप्रांतांत मात्र तो आरंभापासून होता. त्या कायद्याप्रमाणें गहाणाची मुद्दल रक्कम शंभर रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर गहाण होतें तें नोंदलेल्या लेखानेंच; त्यावर गहाण देणाराची सही आणि निदान दोन साक्षीदारांचें साक्षांकन हवें. शंभराच्या आंतील गहाण नुसता कब्जा देऊनहि होऊं शकतें, एवढाच याज्ञवल्क्याचा अंश तेथें शिल्लक आहे. १८८२ सालीं शंभर रुपये ही एक मोठी रक्कम होती. आज त्यांत साधें जेवण होतें, पण कायद्यांतील आंकडा तोच आहे. म्हणजे व्यवहारांत आज प्रत्येक गहाण नोंदलेंच पाहिजे. त्याला अपवाद एकच, तो पुढें सांगतों.

१९०८ च्या नोंदणी कायद्यानें याची दुसरी बाजू बांधून टाकली आहे. जो दस्त नोंदणें आवश्यक असून नोंदला नाहीं, त्यानें स्थावर मिळकतींत कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं, आणि त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून तो न्यायालयांत घेतां येत नाहीं. बरें, कागद बाजूस ठेवून साक्षीदारांच्या तोंडून अटी सिद्ध कराव्या, तर पुराव्याचा कायदा आडवा येतो. जो व्यवहार लेखानेंच झाला पाहिजे, त्याच्या अटी तोंडी पुराव्यानें शाबीत करतां येत नाहींत. १८७२ च्या कायद्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हें तत्त्व बदललेलें नाहीं. याप्रमाणें माझें एक प्रमाण मुकें झालें आणि दुसऱ्याच्या तोंडावर हात आला.

कायदा इतका कठोर कां, असा प्रश्न मलाहि पडला. त्याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. तो दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख विशेषेंकरून रोख्यांवर, गहाणखतांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते मिळवावे आणि जाळावे, कीं काम झालें. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यांतील अक्षर आपणांस वाचतां येत नाहीं, त्या कागदाचें भय केवढें असतें हें त्या ज्वाळांनीं दाखविलें. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्यानें करून द्यावयाचे दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिले जावे अशी योजना होती. हेतु हा, कीं कागद घराच्या कोपऱ्यांत न होतां चारचौघांच्या व सरकारच्या डोळ्यांदेखत व्हावा. उद्यां कोणीं तो बदलूं नये, लपवूं नये, नाकारूं नये. नोंदणीमागचा विचार हाच आहे. दुबळ्याचें संरक्षण म्हणून जें आलें, तें आमच्या दोन मित्रांना अविश्वासाचें चिन्ह वाटलें.

न्यायालयांत माझी परीक्षा झाली. सारा जन्म परीक्षा घेण्यांत गेला होता. देण्याची पाळी त्या दिवशीं आली. आरंभींच मुद्रांक कमी असल्याचें निघालें. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. नोंदणी नसलेला कागद कांहीं आनुषंगिक कामासाठीं तरी पाहतां येतो. परंतु ज्यावर पुरेसा मुद्रांक नाहीं तो कोणत्याहि कामासाठीं पाहतां येत नाहीं, जोंवर कमी पडलेलें शुल्क व दंड भरला जात नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं अविनाशकुमार चौहान यांच्या खटल्यांत हें स्पष्ट सांगितलें आहे. ऋणकोच्या मुलानें दंड भरला, तेव्हां कुठें माझें अक्षर न्यायाधीशांच्या दृष्टीस पडलें.

मग प्रतिपक्षाच्या वकिलांनीं विचारलें, "आपण सही केली ती लेखक म्हणून, कीं साक्षीदार म्हणून?" मी गोंधळलों. लिहिणारानें 'हस्ताक्षर अमुक' म्हणून केलेली सही म्हणजे साक्षांकन नव्हे. साक्ष देण्याच्या हेतूनें सही केली असेल तरच तो साक्षीदार. दुसरा प्रश्न खळ्यावरच्या सहीचा होता. साक्षीदारानें करून देणाराला सही करतांना पाहिलें पाहिजे, किंवा त्याच्या तोंडून सहीची कबुली ऐकलेली पाहिजे. आणि स्वतःची सही त्याच्या समक्ष केली पाहिजे. कबुलीची ही सवलत १९२६ च्या दुरुस्तीनें आली. त्यापूर्वीं १९१२ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें प्रत्यक्ष सही पाहिल्यावांचून साक्षांकन नाहीं असा निकाल दिला होता. आमचा खळ्यावरचा साक्षीदार मरण पावला होता आणि ऋणको त्या वेळीं तेथें होता कीं नाहीं, हें मला शपथेवर सांगतां येईना. मीं "आठवत नाहीं" असें उत्तर दिलें. ज्या गृहस्थानें वर्गांत हें उत्तर कधीं स्वीकारलें नाहीं, त्याच्याच तोंडून तें निघालें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग तो कागद चुलींत घालण्याच्याच लायकीचा. तसें मुळींच नाहीं, आणि या लेखाचा खरा विषय हाच आहे.

नोंदणी कायद्याच्या त्याच कलमांत एक झरोका ठेवलेला आहे. बिननोंदणीचा दस्त मुख्य व्यवहाराचा पुरावा होत नाहीं; पण ज्याला नोंदणीची आवश्यकता नाहीं अशा आनुषंगिक गोष्टीचा पुरावा होऊं शकतो. आनुषंगिक गोष्टींत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कब्जाचें स्वरूप. १९१९ सालीं मद्रासकडील वरद पिल्लै विरुद्ध जीवरत्नम्माळ या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलपुढें असाच प्रश्न होता. गांवांतील हिस्सा एका बाईस बक्षीस दिला होता, पण बक्षीसपत्र नोंदलेलें नव्हतें. होते ते केवळ महसुली अधिकाऱ्यांकडे दिलेले अर्ज. त्या अर्जांनीं बक्षीस सिद्ध होत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें. परंतु बाईनें पुढें जो कब्जा केला तो कोणत्या नात्यानें केला, हें समजण्यासाठीं ते अर्ज पाहतां येतात, असेंहि म्हटलें. या सवलतीच्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं के. बी. साहा आणि सन्स यांच्या खटल्यांत आंखून दिल्या आहेत : आनुषंगिक गोष्ट मूळ व्यवहारापासून निराळी काढतां आली पाहिजे, आणि मागच्या दारानें मूळ व्यवहारच सिद्ध करावयाचा नाहीं.

आतां हें आमच्या बांध्यांना लावून पाहूं. धनकोचा मुलगा म्हणत होता, बाबांनीं जमीन विकत घेतली. पण शंभर रुपयांवरची विक्रीहि नोंदलेल्या खतावांचून होत नाहीं; म्हणजे जो कायदा गहाणाला आडवा आला, तोच त्याच्या खरेदीलाहि आडवा आला. राहिला त्याचा दुसरा मुद्दा, बारा वर्षांहून अधिक काळ आपण मालक म्हणून उघडपणें कब्जांत आहोंत हा. येथें माझा कागद बोलूं लागला. बाप मालक म्हणून बसला नव्हता. तो कर्जाच्या बदल्यांत, पीक खाण्यापुरता बसला होता. जो ज्या नात्यानें बसतो, त्याचा हक्क काळानें पिकला तरी त्याच नात्यापुरता पिकतो. अनेक उच्च न्यायालयांनीं असें ठरविलें आहे, कीं बिननोंदणीच्या कब्जेगहाणाखालीं बारा वर्षें ताबा ठेवणारास गहाणदाराचा मर्यादित हक्क मिळेल, मालकी मिळणार नाहीं. मालकी मूळ मालकाची, आणि पैसे देऊन सोडवून घेण्याचा अधिकारहि त्याचा. सातबाऱ्यावर नांव शेवटपर्यंत त्याचेंच होतें, याचाहि उपयोग झाला.

हें ऐकून मला माझ्या याज्ञवल्क्याची पुनः आठवण झाली. उपभोगानें दुसऱ्याचें धन आपलें होतें या नियमाला स्मृतिकारांनीं जे अपवाद सांगितले, त्यांत आधि आहे, सीमा आहे, ठेव आहे, आणि अजाण व बालक यांचें धन आहे. भोग्य आधि तर कधींच बुडत नाहीं असें त्यांचें मत. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं २०१४ सालीं सिंग राम विरुद्ध शिव राम या खटल्यांत जवळजवळ हेंच म्हटलें : कब्जेगहाण सोडविण्याची तीस वर्षांची मुदत केवळ गहाणाच्या तारखेपासून मोजावयाची नाहीं, गहाणाची रक्कम उत्पन्नांतून फिटल्यावर, किंवा ऋणकोनें ती दिल्यावर अथवा न्यायालयांत भरल्यावर ती सुरू होते. एवढ्या शतकांच्या अंतरानें दोन न्यायबुद्धि एकाच ठिकाणीं येऊन भेटल्या. मी वकील नाहीं, पण शिक्षक म्हणून मला त्याचा संतोष झाला.

मात्र हा संतोष सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. आमच्या प्रकरणांत कब्जा दिला होता, म्हणून कागदाला कांहीं सांगावयास उरलें. नजरगहाणांत, म्हणजे जमीन ऋणकोकडेच राहून नुसतें तारण लिहिलें जातें तेथें, नोंदणी नसेल तर धनकोच्या हातीं केवळ उसन्या पैशाचा पुरावा राहतो. नोंदलेल्या गहाणावरून मिळकत विकून पैसे वसूल करण्यास बारा वर्षें मिळतात. साध्या कर्जाच्या दाव्यास तीनच. पेन्शनीची पुंजी नातेवाइकाला घरावर म्हणून दिली, कागद घरींच केला, आणि तीन वर्षें भिडेनें गप्प राहिलें, तर घरहि गेलें आणि पैसेहि गेले.

आणखी एक फसवा प्रकार 'मुदतखरेदी'चा. कागद खरेदीचा करावयाचा आणि "पैसे दिलेस कीं परत देईन" हें निराळ्या चिठ्ठीवर लिहावयाचें. १९२९ च्या दुरुस्तीप्रमाणें परत देण्याची अट त्याच खतांत नसेल, तर तो व्यवहार गहाण समजला जात नाहीं. ती उघड विक्री ठरते. निराळी चिठ्ठी कितीहि प्रेमळ असली तरी तिच्यावर विसंबूं नये. देणारा जर सावकारी करणारा असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते. तोहि मार्ग ठाऊक असावा.

वर ज्या अपवादाचा उल्लेख केला, तो मिळकतीचे मूळ हक्कलेख ठेवून केलेल्या गहाणाचा. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सरकारनें जाहीर केलेलीं इतर शहरें येथें कर्जाच्या तारणासाठीं हक्कलेख धनकोच्या स्वाधीन केले, कीं नोंदलेल्या लेखावांचून गहाण होतें. घरासाठीं बँकेचें कर्ज घेणारे बहुतेक लोक हेंच करतात. पण त्या व्यवहाराच्या अटीच कागदावर उतरविल्या, तर तो कागद नोंदावा लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९५० सालचा निकाल आहे. शिवाय महाराष्ट्रांत २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांच्या आंत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते.

तेव्हां घरांत असा बिननोंदणीचा कागद असेल त्यानें काय करावें? तो फेंकूं नये, त्यावर नवें कांहीं लिहूं नये. नुकताच झालेला असेल, तर सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आंत नोंदावा. उशीर झाल्यास योग्य कारण दाखवून व दंड भरून आणखी चार महिने मिळूं शकतात. तेवढाहि काळ गेला असेल आणि दोन्ही पक्ष हयात व राजी असतील, तर नवा दस्त करून तो नोंदावा. दोघांपैकीं एक गेला असेल, तर कब्जा, शेतसारा, पीकपाहणी, पावत्या, पत्रें हीं सारीं एकत्र जपून ठेवावीं आणि चांगल्या वकिलास वेळेवर दाखवावीं. नोंदणीचा आणखी एक लाभ असा, कीं नोंदलेलें गहाणखत करून दिल्याचें कोणीं स्पष्ट नाकारलें नाहीं, तर साक्षीदारांना पिंजऱ्यांत उभें करण्याचेंहि कारण पडत नाहीं.

आमच्या दाव्याचा शेवट तडजोडींत झाला. २०१६ सालीं ऋणकोच्या मुलानें न्यायालयांत बारा हजार रुपये दिले आणि धनकोच्या मुलानें त्या हंगामाचें धान कापून बांध्या सोडल्या. एका बाईच्या दुखण्यासाठीं हे पैसे घेतले होते, तेव्हां ते फार मोठे होते. परत आले तेव्हां त्यांतून सात वर्षांच्या तारखांचें गाडीभाडेंहि निघालें नसतें. दोन घरांतला जाणें-येणें, सणवार, हळदीकुंकू हा व्यवहार मात्र कोणत्याहि न्यायालयास परत देतां आला नाहीं. त्या दोघां मित्रांचा एकमेकांवर विश्वास होता हें अगदीं खरें. परंतु विश्वास वारसाहक्कानें उतरत नाहीं. तो दोघांबरोबर सरणावर जातो. मुलांच्या हातीं येतो तो फक्त कागद, आणि तो अर्धवट असेल तर भांडणहि त्याच्याबरोबर येतें.

गेल्या पौषांत गांवांतले दोघे सख्खे शेजारी माझ्याकडे आले. "गुरुजी, एक कागद लिहून द्या. आमच्यांत रजिस्ट्रीची गरज नाहीं." मीं पाटावर बसविलें, चहा दिला आणि म्हटलें, "गरज तुमच्यांत नाहीं हें मला दिसतेंच आहे. ती तुमच्या मुलांत आहे. उद्यां सकाळीं गोंदियास जाऊं, मीहि येतों." दुसरे दिवशीं आम्ही तिघे गेलों. दस्त तेथील लिहिणारानें लिहिला. अक्षर बेताचेंच होतें. पण सायंकाळीं परत येतांना मला फार दिवसांनीं हलकें वाटलें.